आसुका नदीच्या काठाने

आसुका नदी जपानच्या नकाशावर सहज सापडत नाही. होन्शू बेटावर ओसाकाच्या पूर्वेला डोंगरांनी वेढलेले नाराचे खोरे आहे. त्याच्या दक्षिण टोकाच्या रानात ही नदी उगम पावते, वायव्येकडे वाहते आणि खोऱ्याच्या मधल्या सखल भागात यामातो नदीला मिळते. सगळा प्रवास वीस-पंचवीस किलोमीटरांचा. पात्र इतके अरुंद, की वरच्या टप्प्यात दगडांवरून उड्या टाकत ती ओलांडता येते. पण इ.स. ५९२मध्ये सम्राज्ञी सुइको हिने या नदीकाठच्या तोयुरा येथे राज्यपद स्वीकारले आणि पुढची सुमारे शंभर वर्षे, मधले काही खंड सोडले तर, जपानची राजसत्ता या पाण्याच्या आसपासच राहिली. बौद्ध धर्माचे पहिले मोठे मंदिर, पहिले जलघड्याळ आणि चौकटीत आखलेली पहिली राजधानी हे सारे याच खोऱ्यात उभे राहिले. एवढ्याशा ओढ्याने एवढा भार कसा पेलला, हे समजण्यासाठी नदी वरून खालपर्यंत पाहावी लागते.

नदीचा स्वभाव तिच्या खडकात आणि पावसात आहे. दक्षिणेकडचे र्‍यूमोन डोंगर आणि ५८४ मीटर उंचीचा ताकातोरी हे मुख्यतः ग्रॅनाइट जातीच्या खडकाचे आहेत. हा खडक उन्हापावसाने कुजतो आणि त्याची भरड वाळू होते. मोठा पाऊस झाला की ती वाळू पात्रात उतरते. काल जिथे डोह होता तिथे पाणी उथळ होते आणि प्रवाह बाजूला नवा डोह कोरतो. इ.स. ९०५च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहाने आसुकाच्या या चंचलपणाला जगाच्या अनित्यतेचे प्रतीक केले. तेव्हापासून ज्यांनी ही नदी कधी पाहिली नाही तेही तिचे नाव याच अर्थाने घेत आले आहेत. पावसाची गोष्ट वेगळी. नाराच्या खोऱ्यात वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या जवळजवळ दुप्पट, तरीही जपानच्या मानाने कमीच. चारी बाजूंचे डोंगर समुद्रावरून येणारी वाफ अडवतात. त्यात नदीचा पाणलोट लहान. भाताच्या देशातली ही पाण्याला महाग नदी आहे, आणि तिच्या काठावर माणसाने जे काही केले त्यातले बरेचसे या एका अडचणीतून आले आहे.

उगमाकडचा भाग आसुका गावाच्या आग्नेय कोपऱ्यात येतो. न्यूदानी, हाता अशा उतारावरच्या वाड्यांमधून आणि इमो खिंडीच्या बाजूने बारीक झरे खाली येतात. इमो खिंडीच्या पलीकडे योशिनोचा प्रदेश लागतो. सातव्या शतकाच्या अखेरीस सम्राज्ञी जितो हिने आपल्या कारकिर्दीत योशिनोला तीसहून अधिक वेळा भेट दिली आणि ती याच खिंडीतून जात असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज या उतारांवर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची दाट लागवड आहे. योशिनोची वनशेती जपानभर नावाजलेली, तिचाच हा शेजार. सरळसोट खोडांच्या रांगांखाली ऊन फारसे पोहोचत नाही आणि जमीन वर्षभर ओलसर राहते. खालच्या अंगाला ओकच्या जातीची पानगळीची झाडे आणि बांबूची बेटे दिसतात. खेड्यातली माणसे कमी झाली, बांबू तोडणारे हात उरले नाहीत, तसतसा बांबू पसरत चालला आहे.

झरे एकत्र येतात ते कायानोमोरी या वाडीपाशी. इथून नदीला नदी म्हणता येते. वाडीच्या खालच्या अंगाला पात्रावर आडवा, भाताच्या पेंढ्याचा जाड दोरखंड टांगलेला असतो. तसाच दुसरा दोरखंड थोडे खाली, इनाबुची गावाच्या वेशीवर. वरचा स्त्रीरूप मानतात, खालचा पुरुषरूप, आणि दोन्हींच्या मधोमध पेंढ्याचीच तशी प्रतीके बांधलेली असतात. दर जानेवारीत गावकरी नवे दोर वळतात आणि जुन्यांच्या जागी चढवतात. कायानोमोरीचा विधी बौद्ध भिक्षू करतो, इनाबुचीचा शिंतो पुजारी. दोन शेजारी वाड्यांत हा फरक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रोगराई आणि अरिष्ट रस्त्याने किंवा पाण्यावरून गावात शिरू नये, पीक उदंड यावे, वंश वाढावा, एवढेच मागणे असते. नदी ही वाट आहे आणि वाटेला वेस हवी, ही समजूत महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

इनाबुची परिसराचे जुने नाव मिनाबुची. इ.स. ७२०मध्ये पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात या जागेबद्दल दोन नोंदी आहेत आणि दोन्ही पाण्याशी निगडित आहेत. पहिली ६४२ची. त्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही. दरबारातला सर्वांत बलाढ्य सरदार सोगा नो एमिशी याने बौद्ध सूत्रांचे पठण करवले. जेमतेम भुरभूर आली. मग सम्राज्ञी कोग्योकू स्वतः मिनाबुचीच्या वरच्या पाण्यापाशी गेली, गुडघे टेकून तिने चारी दिशांना वंदन केले आणि आभाळाकडे पाहून प्रार्थना केली. ग्रंथ सांगतो की मेघ गडगडले आणि पाच दिवस पाऊस कोसळला. नोंद राजघराण्याच्या बाजूने लिहिलेली आहे हे उघड आहे. तरी राजाचा अधिकार पाऊस पाडण्याच्या शक्तीवर तोलला जात होता आणि ती शक्ती दाखवण्यासाठी राजवाडा सोडून नदीच्या मुळाशी जावे लागले, हे त्यातून दिसते. इनाबुचीत नदीच्या वर, झाडीतल्या लांबलचक दगडी पायऱ्या चढून गेल्यावर उसुताकीहिमे देवीचे शिंतो देवस्थान लागते. स्थानिक परंपरा ही प्रार्थना त्याच परिसराशी जोडते.

दुसरी नोंद ६७६ची, आणि या नदीच्या भूगोलात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. सम्राट तेन्मू याने त्या वर्षी फर्मान काढून मिनाबुची आणि होसोकावा या दोन डोंगरांवर गवत कापायला आणि सरपण तोडायला मनाई केली. जंगल राखण्याविषयीची जपानमधली सर्वांत जुनी लेखी आज्ञा म्हणून तिचा उल्लेख होतो. हे दोन्ही डोंगर म्हणजे नदीचे आणि तिच्या मुख्य उपनदीचे माथे. खाली राजवाडे, मंदिरे, गोदामे वाढत होती. बांधकामाला लाकूड आणि चुलीला सरपण लागत होते. आणि वरचा डोंगर उघडा पडला तर वाळू खाली येणार होती. फर्मानात कारण दिलेले नाही. पण कुजक्या ग्रॅनाइटचा उतार बोडका झाला की काय होते, हे शेजारच्याच एका उदाहरणावरून दिसते. पुढे ६९४मध्ये फुजिवाराची नवी राजधानी उभी राहिली. तिच्या राजवाड्याचे लाकूड उत्तरेला, बिवा सरोवराजवळच्या तानाकामी डोंगरातून नद्यांवर तरंगवत आणले, असे ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहातून कळते. तानाकामीही ग्रॅनाइटचाच. तिथे शतकानुशतके तोड होत गेली, डोंगर उजाड झाले, वाळूने खालच्या नद्या भरल्या आणि एकोणिसाव्या शतकात मेइजी सरकारला तिथे दगडी ताली आणि रोपे लावण्याचे प्रचंड काम हाती घ्यावे लागले. मिनाबुचीचे माथे आजही हिरवे आहेत. याचे सगळे श्रेय एका फर्मानाला देता येणार नाही, पण जपणुकीची सुरुवात सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वी झाली हे खरे.

इनाबुचीला नदीत ओळीने मांडलेले दगड आहेत. ‘मान्योशू’त पुलाऐवजी अशा दगडांवरून आसुका ओलांडण्याचे उल्लेख येतात आणि इथले दगड त्या परंपरेतले मानले जातात. वस्तीजवळच्या एका टेकाडावर मिनाबुची नो शोआन याची समाधी आहे. हा विद्वान ६०८मध्ये चीनला शिकायला गेला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथे राहून ६४०मध्ये परतला. राजपुत्र नाका नो ओए आणि नाकातोमी नो कामातारी त्याच्याकडे शिकायला येत, आणि येता-जाता त्यांनी सोगा घराण्याला उलथवण्याचा कट रचला, अशी ‘निहोन शोकी’ची हकिकत आहे. दरीच्या या वाटेवर माणसे आजही कमीच भेटतात. गुप्त बोलायला याहून बरी जागा मिळाली नसती.

इनाबुचीची खरी ओळख मात्र भातखाचरांची आहे. दरीच्या दोन्ही उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे तीनशे खाचरे उतरत येतात. काहींचे बांध दगडांचे, काहींचे मातीचे. आकार डोंगराच्या वळणाप्रमाणे. एवढ्या उंचीवर नदीचे पाणी सरळ चढत नाही, म्हणून ते वरच्या अंगाला अडवून डोंगराच्या कुशीतून पाटाने आणले आहे. ओइदे नावाचा हा जुना पाट कित्येक शतके चालू आहे आणि त्याचा गाळ काढण्याचे काम गावकरी मिळून करतात. लावणी जूनमध्ये होते. जपानच्या इतर अनेक भागांत ती मे महिन्यातच उरकलेली असते. इथे पावसाळी हंगामाचे पाणी येईपर्यंत थांबावे लागते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भात पिवळे पडू लागते आणि बांधांवर हिगानबाना ही लालभडक फुले एकदम उमलतात. त्यांच्या कंदात विष असते. बांध पोखरणारे उंदीर आणि चिचुंदऱ्या दूर राहाव्यात म्हणून पूर्वी ते मुद्दाम लावले गेले. आता हीच फुले पाहायला शहरांतून गर्दी लोटते आणि खाचरांच्या वाटेवर बुजगावण्यांची स्पर्धा भरते.

या देखाव्यामागे चिंता आहे. उतारावरच्या लहान खाचरांत यंत्रे नीट चालत नाहीत, तरुण शहरात गेले, खाचरे पडीक पडू लागली. १९९६मध्ये इथे मालकी-वर्गणीची योजना सुरू झाली: शहरातल्या कुटुंबाने वार्षिक वर्गणी भरून एक तुकडा घ्यायचा, लावणी-कापणीला हजर राहायचे, मधली देखभाल गावकऱ्यांनी करायची आणि धान्य कुटुंबाने न्यायचे. १९९९मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने देशातल्या निवडक पायरी-खाचरांची यादी केली, तीत इनाबुचीचे नाव आले. योजनेने सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, पण पाटात पाणी वाहते आहे, आणि पाट वाहता राहिला तरच डोंगराचा उतार टिकतो. पडीक खाचराचा बांध एका मोठ्या पावसात फुटतो आणि त्याची माती खालच्या खाचरात येते.

इवाइदोजवळ दरी संपते. पूर्वेकडून होसोकावा डोंगराचे पाणी घेऊन फुयुनो ही उपनदी येऊन मिळते आणि आसुकाचे छोटे खोरे उघडते. संगमाच्या वरच्या पठारावर इशिबुताई ही उघडी पडलेली दगडी समाधी आहे. तिच्यावरचा मातीचा ढीग केव्हाच वाहून गेला; उरले तीसहून अधिक प्रचंड धोंडे. छताचा सर्वांत मोठा धोंडा सुमारे ७७ टनांचा आहे. हे दगड याच डोंगरांतले. ६२६मध्ये वारलेल्या सोगा नो उमाको याची ही समाधी असावी, असे मानतात. उमाकोने नदीजवळच्या आपल्या वाड्यात तळे खणून त्यात बेट केले होते आणि लोक त्याला त्या बेटावरूनच ओळखत. आजही त्या जागेचे नाव शिमानोशो आहे. नदीचे पाणी केवळ शेतासाठी नाही, शोभेसाठीही वळवता येते, याचा हा इथला पहिला ठळक दाखला.

पुढचे दीड-दोन किलोमीटर जपानच्या इतिहासातली सर्वांत दाटीची जमीन आहे. खोऱ्याची सपाटी इतकी अरुंद, की नदीच्या उजव्या तीरावर राजवाडा आणि डाव्या तीरावर कावाहारा मंदिर समोरासमोर आले. एकाच जागेवर एकावर एक राजवाडे बांधले गेले, कारण दुसरी जागाच नव्हती. थोडे खाली उजव्या तीरावर आसुका-देरा हे मंदिर. त्याचे काम ५८८मध्ये सुरू झाले आणि ५९६मध्ये संपले. कोरियातल्या बेक्जे राज्यातून आलेले भिक्षू आणि कारागीर त्यात होते. कुरात्सुकुरी नो तोरी याने घडवलेली इथली सुमारे पावणेतीन मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आगी आणि दुरुस्त्या सोसून आजही त्याच जागी बसली आहे. मंदिर आणि नदी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत झेल्कोव्हाचे मोठे झाड होते. त्याखाली दरबार पाहुण्यांना आणि दूरच्या टोळ्यांच्या प्रतिनिधींना मेजवानी देई.

सम्राज्ञी साइमेई हिच्या कारकिर्दीत या खोऱ्यात पाण्याच्या कामांना ऊत आला. ६५६मध्ये तिने कागू डोंगराच्या पश्चिमेपासून इसोनोकामीपर्यंत कालवा खणवला आणि २०० होड्यांनी दगड वाहून आणवले. लोक त्या कालव्याला वेड्याचा कालवा म्हणत आणि ३०,००० मजुरांची मेहनत वाया गेली म्हणून नावे ठेवत, हे ‘निहोन शोकी’नेच लिहून ठेवले आहे. राजाज्ञेने लिहिलेल्या ग्रंथात प्रजेची ही तक्रार जशीच्या तशी यावी, याचे मोल फार आहे. ६६०मध्ये नाका नो ओए याने जलघड्याळ बसवले. १९८१मध्ये नदीपासून काही पावलांवर मिझुओची येथे उत्खनन झाले तेव्हा दगडी चौथरा, लाकडी पन्हळी आणि तांब्याची नळी सापडली. शेजारच्या इशिगामी येथे शेतात मिळालेले दगडी कारंजे मेरू पर्वताच्या आकाराचे आहे. भारतातून चीन आणि कोरियामार्गे निघालेला मेरू या नदीच्या पाण्यावर कारंजे होऊन उभा राहिला. नदीच्या अगदी काठावर राजवाड्याच्या बागेचे विस्तीर्ण तळे १९९९मध्ये उजेडात आले, त्याच्या जादा पाण्याची वाटही खणून काढण्यात आली आहे.

हे सगळे आज भातशेताखाली आहे. त्यामागे नशीब नाही, कायदा आहे. १९६०च्या दशकात ओसाकाची उपनगरे या बाजूला सरकू लागली. १९६६मध्ये जुन्या राजधान्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९७२मध्ये ताकामात्सुझुका समाधीत रंगीत भित्तिचित्रे सापडली आणि देशाचे लक्ष आसुकाकडे वळले. १९८०मध्ये केवळ या गावासाठी वेगळा कायदा आला, त्याने सगळे गाव बांधकामाच्या निर्बंधाखाली आणले. घराची उंची, छपराचा आकार, भिंतीचा रंग यांना परवानगी लागते. सुमारे चोवीस चौरस किलोमीटरांच्या गावाने आणि तिथल्या पाचेक हजार माणसांनी ही किंमत मोजली आहे. म्हणून आमाकाशीच्या १४८ मीटर उंच टेकडीवर चढले की खाली उंच इमारतींऐवजी खाचरे, आसुका रुबी जातीच्या स्ट्रॉबेरीची प्लास्टिकची घरे आणि मधून वाहणारी नदी दिसते. पाहुणे बहुधा किन्तेत्सू रेल्वेच्या आसुका स्थानकावर उतरून सायकल भाड्याने घेतात. ते स्थानक मात्र या नदीवर नाही, पश्चिमेच्या ताकातोरी नदीवर आहे, हे लक्षात ठेवावे.

आमाकाशी आणि इकाझुची या टेकड्यांमधून नदी मोठ्या सपाटीत उतरते. तिथे कागू, उनेबी आणि मिमिनाशी हे तीन सुटे डोंगर आहेत. सर्वांत उंच उनेबी फक्त १९९ मीटर. त्यांच्यामध्ये ६९४ ते ७१० या काळात फुजिवाराची राजधानी होती. रस्ते काटकोनात आखलेले आणि आसुका त्यांना तिरकी कापत जाणारी. राजधानी उत्तरेला नाराला गेल्यावर इथे पुन्हा भात आले. राजवाड्याची मोकळी जागा आजही गवताची आणि फुलांची आहे.

काशिहारा शहरात नदीचे रूप बदलते. काठ काँक्रीटचे होतात, घरे जवळ येतात. इमाई या जुन्या व्यापारी पेठेच्या पूर्व कडेने ती जाते. खंदकाने वेढलेल्या या पेठेत सुमारे पाचशे जुनी घरे टिकून आहेत. इमाईची भरभराट ज्या मालांवर झाली त्यात कापूस मोठा होता आणि कापसाचा संबंध थेट पाण्याच्या तुटवड्याशी आहे. एदो काळात या सपाटीतले शेतकरी एका वर्षी भात आणि पुढच्या वर्षी त्याच जमिनीत कापूस घेत, कारण सगळ्या जमिनीला भाताचे पाणी पुरत नसे. जागोजाग साठवण तळी खणलेली होती. त्यांपैकी कितीतरी आजही पाणी धरून आहेत. यामातोत, म्हणजे नाराच्या या प्रदेशात, पीक चांगले आले तर इतरत्र भात खायला मिळत नाही, अशा अर्थाची जुनी म्हण आहे. म्हणजे इथल्या खाचरांना पुरेल इतका पाऊस झाला तर बाकीच्या देशात महापूर. पाण्यावरची भांडणे शतकानुशतके चालली. तोडगा निघाला तो डोंगरापलीकडून: १९५०मध्ये नारा आणि वाकायामा प्रांतांत करार झाला आणि योशिनो नदीचे पाणी बोगद्याने नाराच्या खोऱ्यात आणले गेले. त्यानंतर साठवण तळ्यांवरचा आणि आसुकासारख्या लहान नद्यांवरचा ताण सैल झाला.

तावारामोतो आणि मियाके या गावांच्या हद्दीत नदी सरळ उत्तरेकडे जाते. ही सरळ रेघ निसर्गाची नाही. प्राचीन काळी सारी सपाटी चौकोनी तुकड्यांत मोजून वाटली गेली आणि नद्या त्या चौकटींच्या कडेने बांधून घेतल्या गेल्या. बांधलेल्या पात्रात वरची वाळू साठत गेली, पात्र उचलले गेले, बांध पुन्हा उंच केले गेले. त्यामुळे काही ठिकाणी खाचरांतून वर पाहिले तरच नदीचा बांध दिसतो. तेरा, आसुका, सोगा या नद्या जवळजवळ समांतर वाहतात आणि थोड्याथोड्या अंतराने यामातो नदीला मिळतात. कावानिशी गावाजवळ आसुका यामातोत शिरते. खोऱ्याच्या याच सखल भागाच्या पश्चिमेला होर्‍यूजी मंदिर आहे. तिथल्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रे अजिंठ्याशी ताडून पाहिली जात. १९४९च्या आगीत ती होरपळली.

खोऱ्यातले सगळे पाणी बाहेर पडायला एकच वाट आहे, कामेनोसेची घळ. १९३१–३२मध्ये तिथला डोंगर सरकला, नदीचे पात्र वर उचलले गेले आणि रेल्वेचा बोगदा चिरडला. १९८२च्या ऑगस्टमध्ये वादळी पावसाने यामातोकाठची गावे बुडाली. त्यानंतर सखल भागातल्या साठवण तळ्यांत आणि भातखाचरांत पावसाचे पाणी काही काळ अडवून ठेवण्याच्या योजना आखल्या गेल्या. दुष्काळासाठी खणलेली तळी आता पुरासाठीही वापरली जातात. घळीतून बाहेर पडलेली यामातो पूर्वी उत्तरेला वळून ओसाका किल्ल्याच्या दिशेने जाई. वारंवार येणाऱ्या पुरांमुळे १७०४मध्ये तिच्यासाठी सुमारे चौदा किलोमीटरांचे नवे पात्र आठेक महिन्यांत खणले गेले. मिनाबुचीच्या रानातले पाणी तेव्हापासून त्या पात्राने पश्चिमेला जाते आणि साकाई शहराच्या उत्तर सीमेवर ओसाकाच्या उपसागरात मिसळते.